तीन पाळ्यांचा कोरस

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीत माझी शाळा सुटली. नंतर पेन हातात आलं ते पगाराच्या सहीपुरतं. हे कोणाला दाखवणार नाही, तरी माफी मागितली, कारण बोलायच्या आधी माफी मागायची मला सवयच आहे. मुलीच्या जुन्या वहीत मागे पानं कोरी राहिली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते.

आम्ही नंदुरबारकडचे. सिल्वासाला येऊन बरीच वर्षं झाली. सायली भागात एका चाळीत एक खोली आहे. एक दार, एक खिडकी, आणि खिडकीसमोर हातभर अंतरावर कंपनीची भिंत. भिंतीपलीकडे मशिनं कधी बंद होत नाहीत. गावाकडचं कोणी आलं की विचारतं, हा आवाज कसला? मग आम्हाला आठवतं की आवाज आहे.

मी धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला आहे. तयार धाग्याचे कोन, म्हणजे मोठी रिळं, लाइनवर येतात, ते पिशवीत घालायचे, खोक्यात लावायचे, खोकं बंद करायचं. आठ तास उभं राहून. मालकही, म्हणजे माझा नवरा, दुसऱ्या कंपनीत ऑपरेटर होते. शिडीवरून पडले आणि पाठीचं ऑपरेशन करावं लागलं. वापीच्या दवाखान्यात पैसे भरायची वेळ आली तेव्हा माझे थोरले दीर गावाहून आले आणि त्यांनी सगळे भरले. तेव्हा म्हणाले, "पैशाचं नंतर बघू." आम्ही दोघं त्यांच्या पाया पडलो. ऑपरेशननंतर मशीनवर उभं राहणं मालकांना जमेना. ते राखोलीला एका गेटवर वॉचमन म्हणून बसायला लागले, पगार निम्म्यावर आला, आणि ते "नंतर" काही वर्षांनी फोनवरून आलं.

फोन स्पीकरवर होता. मुलगी नळावर पाणी भरायला गेली होती.

"मुलगा चांगला आहे," दीर म्हणाले. "ट्रॅक्टर आहे, विहिरीला पाणी आहे. आपल्या वावराला लागूनच त्यांचं वावर. काही मागत नाहीत. आणि एकदा हे झालं की आपल्यातलं देणंघेणं पण मिटलं. घरातलं घरात."

"हो दादा," मालक म्हणाले.

"पोरीला आत्ताच काही बोलू नका. शिकलेल्या पोरी फाटे फोडतात. दिवाळीनंतर आमच्याकडे देवीचा कार्यक्रम आहे, त्याला म्हणून घेऊन ये. चार माणसं बघतील, साखर तोंडात घालतील. मग कळेलच की तिला."

"हो दादा."

मुलगी तेव्हा बारावीला होती. अठरावं नुकतंच लागलं होतं. तिला नर्सिंगला जायचं होतं, वलसाडच्या कॉलेजचं तिनं सगळं शोधून ठेवलं होतं. ती हंडा घेऊन आत आली आणि म्हणाली, "कोणाचा फोन?" मालक म्हणाले, "दादाचा. देवीच्या कार्यक्रमाला बोलावलंय तुला." ती खूश झाली. गावाला जायचं म्हटलं की ती खूश व्हायची.

मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

त्याच दिवसांत कंपनीत गाण्याचं निघालं. आमच्या प्रॉडक्शन मॅनेजर साहेबांची बायको पुण्याची, गाणं शिकलेली. टोकरखाड्याच्या कॉलनीत राहायची. आम्ही सगळ्या तिला मॅडम म्हणायचो. तिथल्या मराठी मंडळातर्फे तिनं एक ऑपेरा बसवायला घेतला होता. राजा, राणी, पुजारी वगैरे कामं इंजिनिअर साहेब लोक आणि त्यांच्या बायका करणार होते. पण त्यात पंधरा बायकांचा एक घोळका लागत होता, त्याला कोरस म्हणतात. कॉलनीतल्या बायका आधी तयार झाल्या होत्या. मग त्यांना कळलं की पूर्ण वेळ उभं राहायचं, एकटीला गाणं नाही आणि अंगावर सगळ्यांसारखंच साधं कापड. एकेक करून सगळ्या गळल्या. तेव्हा मॅडम साहेबांबरोबर आमच्या कॅन्टीनला आली.

सुपरवायझर म्हणाला, "कौन कौन गाता है? तालमीला अर्धा ओव्हरटाइम मिळेल."

मी हात वर केला तो अर्ध्या ओव्हरटाइमसाठी. मी आधीच आठवड्यातून दोन-तीनदा डबल करत होते, म्हणजे एक पाळी संपली की पुढची पण. माझ्या मनात वेडा हिशेब चालला होता, की दिवाळीपर्यंत काहीतरी साठेल आणि दीरांच्या हातावर ठेवता येईल. साठत काही नव्हतं. गाण्याचं म्हणाल तर लग्नात हळदीची गाणी म्हणायचे, ती पण पदर तोंडावर घेऊन.

पहिल्या दिवशी पाळी बदलताना मॅडमने आम्हाला बसवून सांगितलं की हे फार जुनं नाटक आहे, ग्रीस देशातलं, हजारो वर्षांपूर्वीचं. तिनं ते मराठीत गाण्यात केलं होतं. ऑपेरा म्हणजे त्यात कोणी बोलत नाही, सगळं गाऊनच.

दुसऱ्या पाळीत एक धुळ्याची बाई होती, जिभेला हाड नसलेली. तिनं विचारलं, "मॅडम, म्हणजे मीठ मागायचं तरी गाऊनच?"

"हो."

"आणि भांडायचं?"

"ते पण."

"मग आमच्याकडचा माणूस घ्या. भांडताना सूर सोडत नाही."

मॅडम हसली. मग तिनं गोष्ट सांगितली. एक राजा मोठ्या लढाईला निघाला आहे. शेकडो जहाजं किनाऱ्याला उभी आहेत, पण वारा पडला आहे. शिडं हलत नाहीत. सैन्य कंटाळलं आहे. पुजारी सांगतो की राजानं आपली मुलगी देवीला बळी दिली तरच वारा सुटेल. राजा घरी निरोप पाठवतो की मुलीला घेऊन या, तिचं लग्न ठरवलं आहे. आई आणि मुलगी नटूनथटून येतात. लग्न नसतंच.

मी मान खाली घातली. मला वाटलं, हिला आमच्या घरातलं कोणी सांगितलं. मग वाटलं, असं कसं होईल, नाटक तर हजारो वर्षांचं आहे.

"आणि आम्ही कोण?" आमच्या पहिल्या पाळीतल्या मावशीनं विचारलं. ती सगळ्यांत वयानं मोठी, सगळ्या तिला मावशीच म्हणायच्या.

"तुम्ही तिथल्या गावातल्या बायका. जहाजं बघायला आलेल्या. तुम्हाला सगळं कळतं. राजाचं कळतं, निरोप खोटा आहे ते कळतं. तुम्ही ते आपापसांत गाता. पण तुम्हाला काही करता येत नाही."

"शेजारणी," मावशी म्हणाली.

"हो. आणि एक नियम आहे. कोरस एकदा रंगमंचावर आला की शेवटपर्यंत बाहेर जात नाही. राजा जाईल, राणी जाईल, तुम्ही उभ्या. काय जायचं ते आधी जाऊन या."

बायका हसल्या. आठ तास लाइनवर उभं राहणाऱ्यांना दोन तासांचं काय. मला मात्र ते ऐकून कोणीतरी दाराला बाहेरून कडी लावल्यासारखं झालं.

तालीम पंधरा जणींची एकत्र कधी होतच नव्हती. कारण आम्ही तीन पाळ्यांत वाटलेल्या. पहिली पाळी तीनला सुटायची, तिची तालीम सुटल्यावर. दुसरी तीनला लागायची, तिची लागायच्या आधी. आणि जनरलवाल्यांची, म्हणजे ऑफिसच्या वेळेला येणाऱ्यांची, संध्याकाळी, बस यायच्या आत. मॅडम बिचारी दुपारपासून कॅन्टीनमध्ये बसलेली असायची, फोनवर तानपुरा लावून. एका पाळीच्या बायका दुसऱ्या पाळीच्या बायकांना फक्त गेटवर पाहायच्या, येताजाताना. इतकी वर्षं एका कंपनीत, एकाच लाइनवर एकाच जागी उभ्या राहणाऱ्या, पण एकमेकींची नावं माहीत नाहीत.

घरी मुलगी मला शब्द पाठ करून द्यायची. मॅडम फोनवर गाणं पाठवायची, ते मुलगी लावायची, थांबवायची, पुन्हा लावायची. मला वाचून पाठ होत नाही, ऐकून होतं. एक ओळ होती:

जहाजं उभी, पाणी उभं,
शिडांना वारा नाही.
येते आहे ती हसत हसत,
तिला काही ठाऊक नाही.

"आई, 'ठाऊक' वर थांबायचं नाही. पुढे जायचं," मुलगी म्हणायची. "परत म्हण."

मी परत म्हणायचे. मालक कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. एकदा म्हणाले, "दुसरं काही नाही का ह्या गाण्यात?" मुलगी म्हणाली, "पप्पा, हेच मेन आहे." मग ती स्वतःच पूर्ण म्हणून दाखवायची, एका हातात फोन, दुसऱ्या हातानं ताल धरून. तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला. मी तिच्याकडे बघायचे नाही. त्या खोलीत बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे, आणि त्यावर तर दिवाळीच दिसायची.

सांगावं असं रोज वाटायचं. पण सांगितलं तर ती दीरांना तोंडावर बोलणार. दीर पैसे मागणार. पैसे नाहीत. मग मालक दीरांसमोर कसे उभे राहणार, आधीच त्यांना धड उभं राहता येत नव्हतं. आणि नाही सांगितलं तर ती हसत हसत बसमध्ये बसणार. दोन्हीकडून दोषी मीच.

एका सुट्टीच्या दिवशी मशिनं दुरुस्तीला बंद होती, तेव्हा पहिल्यांदा तिन्ही पाळ्या एकत्र आल्या. मॅडमने हात खाली केला आणि आम्ही सुरू झालो. दुसऱ्याच ओळीला सगळं फाटलं. आम्ही पहिल्या पाळीवाल्या आठ तासांच्या थकव्यावर शिकलेल्या, आमची चाल बैलगाडीसारखी. दुसरी पाळी हजेरीचं कार्ड पंच करायच्या घाईत शिकलेली, त्या पळत सुटल्या. जनरलवाल्यांचं एक कान बसच्या हॉर्नकडे ठेवून शिकणं, त्या प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबायच्या. धुळ्याचीचं गाणं संपलं तेव्हा आम्ही अजून जहाजांवरच होतो.

"माय वं," ती म्हणाली, "तुमी चालत या, आमी पुढे जाऊन चहा ठेवतो."

मॅडम खुर्चीवर बसली. आम्हाला वाटलं, झालं, आता कॉलनीतल्या बायका येतील. मग तिनं आम्हाला एकेका पाळीचं वेगवेगळं गायला लावलं आणि कानावर हात ठेवून ऐकलं. म्हणाली, "आता हे बदलायला वेळ नाही. तुम्ही परत एकत्र याल कधी?" तिनं ठरवलं की तीन पाळ्या तीन बाजूंना उभ्या राहतील. आम्ही ओळ सुरू करायची, ती संपत आली की दुसरी पाळी तीच ओळ उचलणार आणि पळवणार, मग जनरलवाल्या ती धरून थांबवणार. तोवर आम्ही पुढची.

"पण कोणी कधी उचलायचं ते दाखवायला मध्ये एक जण हवी," ती म्हणाली. "जिला निदान दोन चाली माहीत आहेत."

डबलच्या दिवशी सुपरवायझर मला लाइनवरून थोडं आधी सोडायचा, म्हणून दोन पाळ्यांच्या तालमींना बसलेली मी एकटीच होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला नाही जमणार मॅडम," मी म्हटलं. बहुतेक मनातच म्हटलं असेल, कारण कोणाला ऐकू गेलं नाही. मला मध्यावर उभं केलं. उजवा हात वर केला की दुसरी पाळी, डावा केला की जनरल.

मालकांनी मुलीला सांगून ठेवलं होतं की ऑपेराच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गावाला निघायचं. ऑपेरा संध्याकाळी होता. मी त्या दिवशी सकाळीच तिची पिशवी भरली. तिनं नवा ड्रेस घालायला म्हणून वर ठेवला होता, काकूंना दाखवायला. मी तो घडी करून तळाशी ठेवला. मग परत वर काढला, नाहीतर तिनं विचारलं असतं.

सिल्वासातल्याच सभागृहात प्रयोग होता. अंगावर करडं कापड, कंपनीच्याच धाग्याचं. पांढरं नेसायला बायकांनी नकार दिला होता. मावशी म्हणाली होती, "मॅडम, आमचे नवरे प्रेक्षकांत बसणार आहेत. घाबरतील." म्हणून करडं. सतरा पिना लावून ते अंगावर बसवलं आणि आम्ही आत गेलो.

आत गेलो ते गेलोच. दिवे इतके तापलेले की पिना अंगाला चटके देत होत्या. मी मध्यावर, माझ्या पुढे कोणी नाही, पदर नाही. राजा झालेले साहेब येऊन गायचे, जायचे. राणी यायची. आम्ही उभ्या. पहिल्या ओळीला माझा हात वर जाईना, मग गेला. दुसरी पाळी पळाली. डावा हात. जनरल थांबली. चुकलं नाही.

मग मुलगी आली, म्हणजे नाटकातली. कॉलनीतल्या एका इंजिनिअरची तरुण बायको होती, गजरे माळून, लाल काठाचं नेसून. ती आईला विचारते, माझ्या लग्नात कोण कोण येणार. आणि आमची ती ओळ. मी समोर बघितलं. तिसऱ्या रांगेत माझी मुलगी बसली होती. तिचे ओठ हलत होते. ती माझ्याबरोबर म्हणत होती, सगळी ओळ, 'ठाऊक' वर न थांबता. मला विसर पडू नये म्हणून म्हणत असेल. तिच्या शेजारी मालक पायातल्या चपलेकडे बघत होते.

तेव्हा मला पळून जायचं होतं. विंगेत आठ पावलांवर काळा पडदा होता. पण माझ्या दोन हातांवर चौदा बायका अडकलेल्या होत्या. मी हात वर करत राहिले.

शेवटी ती मुलगी आतल्या बाजूला जाते आणि परत येत नाही. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग वारा सुटतो. त्यासाठी साहेबांनी कंपनीतला मोठा पंखा आणून विंगेत लावला होता. तो सुरू झाला आणि मागची शिडं फुगली, आमची कापडं उडायला लागली. आणि मला तो वारा बरा वाटला. दोन तास घामानं भिजलेल्या अंगावर तो आला आणि मी डोळे मिटले. माझ्या आजूबाजूला सगळ्या बायकांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. बरं वाटल्यावर मग कळलं की हा वारा कशाचा आहे. देणं मिटणार म्हणून मालक त्या फोननंतर जरा सरळ बसायला लागले होते, ते आठवलं. खरं तर मलाही त्या फोनच्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली होती.

टाळ्या झाल्या. आम्ही एकदाच्या बाहेर आलो.

कपडे बदलायच्या खोलीत पंधरा जणी एकमेकींच्या पाठीतल्या पिना काढत होत्या. तिन्ही पाळ्या एका खोलीत. कोणी वडापाव वाटत होतं. मुलगी आत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "आई, एक पण चूक नाही." मग पिना काढायला लागली आणि सहजच म्हणाली, "पण मला एक राग आला. ह्या सगळ्या बायकांना माहीत होतं ना? मग एकीने तरी तिला सांगायचं."

"नाटक आहे गं," धुळ्याची म्हणाली. "सांगितलं असतं तर पुढे काय गायलं असतं?"

बायका हसल्या. मुलगी पण हसली. माझ्या पाठीवर तिचे हात पिना शोधत होते.

मी म्हटलं, "उद्या देवीचा कार्यक्रम नाही."

ती म्हणाली, "काय?"

"तुला बघायला येणार आहेत. काकांनी ठरवलंय. साखरपुडा करून टाकणार. आपण त्यांचे पैसे देणं लागतो, म्हणून."

एवढं मी सगळ्या बायकांसमोर बोलले. आवाज मोठा नसेल, पण गायल्यानंतर गळा मोकळा होता, ऐकू गेला. मुलीनं हातातल्या पिना खिशात टाकल्या. मग म्हणाली, "पप्पांना माहितीये?"

"हो."

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. ती बाकावर बसली आणि म्हणाली, "तू गाणं पाठ करत होतीस तेव्हा पण?"

"तेव्हा पण."

मावशी पुढे आली. तिनं पिन तोंडातून काढली आणि मला विचारलं, "किती देणं आहे?"

मी सांगितलं. धुळ्याचीनं शीळ घातली.

"शीळ काय घालते," मावशी तिला म्हणाली. "पंधरा जणी आहोत. भिशी लावू. पगाराला सुरू करायची. पहिला नंबर हिचा."

"चिठ्ठ्या नाही टाकायच्या?" जनरलची एक म्हणाली.

"टाक तू. सगळ्या चिठ्ठ्यांवर हिचंच नाव लिही."

"मला शेवटचा नंबर द्या," धुळ्याची म्हणाली. "मला काय घाई आहे."

यावर सगळ्या इतक्या हसल्या की मॅडम दार उघडून बघायला आली. तिला काय ते कोणी सांगितलं नाही. ती म्हणाली, "टेम्पो आलाय," आणि मग माझ्याकडे बघून, "हात छान गेले हं."

सकाळी मालक पिशवी घेऊन दारात उभे होते. मुलगी म्हणाली, "मी नाही येणार पप्पा. मला आईनं सांगितलंय." ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता हात उचलतील. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले, पाठीला हात लावून.

"दादाला काय सांगू?"

"परीक्षा आहे सांगा," मुलगी म्हणाली.

"आणि पैसे?"

"देऊ," मी म्हटलं. "पगार झाला की."

ते बराच वेळ तसेच बसून राहिले. बस गेली असेल तेव्हा उठले आणि चहा मागितला.

दीरांचा फोन आला. ते जे बोलले ते लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "मग माझे पैसे आणून टाका, आणि परत ह्या दारात पाय ठेवू नका." भिशी आणि माझे डबलचे मिळून रक्कम जमली. मालक एकटे गावाला जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, "दादानं पाणी पण विचारलं नाही." मग भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दारात आम्ही अजून गेलेलो नाही. मालकांना त्याचं दुःख आहे, ते बोलत नाहीत. दिवाळीला फोन हातात घेतात आणि ठेवतात. सुटका झाली असं मी म्हणणार नाही. खोली तीच, भिंत तीच, आणि भिशीचा हप्ता दर महिन्याला. मी डबल करतच राहिले. पाय सुजायचे. मुलगी वलसाडला गेली, खोलीत आम्ही दोघंच उरलो, आणि काही काही संध्याकाळी मला वाटायचं की मी अजून त्या स्टेजवरच आहे, दोन्ही हात वर करून.

मॅडमच्या साहेबांची पुढे बदली झाली. कोरस परत कधी उभा राहिला नाही. पण गेटवर तीन वाजता आता सगळ्या एकमेकींना नावानं हाक मारतात.

शेवटचा महिना धुळ्याचीचा होता. मावशी म्हणाली, "तुझा हप्ता तूच दे तिच्या हातात." मी तीनला सुटले आणि गेटवर उभी राहिले. ती नेहमीसारखी उशिरा, पळत येत होती, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं पदर सावरत. मी पैसे पुढे केले. तिनं न मोजता ते ब्लाउजमध्ये खोचले.

"झालं ना गं तुझं सगळं?" पंचिंगच्या मशीनवर कार्ड लावता लावता तिनं विचारलं.

"झालं," मी म्हटलं.